आधी निचरा, मग रंग

जुन्या ॲल्युमिनियमच्या मोटरबोटीकडे पाहताना नजर आधी रंगावर जाते. पापुद्रे सुटलेले असतात, सीटचं रेक्झिन फाटलेलं असतं, तळावरचा गालिचा हिरवट पडलेला असतो. म्हणून बहुतेकांची पहिली खरेदी रंगाच्या डब्याची होते, आणि सगळं गणित तिथेच चुकतं. रंगाखालचा पत्रा चाळीस-पन्नास वर्षं टिकलेला असतो आणि आणखी तेवढीच वर्षं टिकायला त्याची हरकत नसते. त्याला मारणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: अडकून राहिलेलं पाणी आणि शेजारी येऊन बसलेला परका धातू. बोट दुरुस्त करायची म्हणजे मुख्यतः या दोन गोष्टी बाहेर काढायच्या. त्याला पैशापेक्षा घाम जास्त लागतो. बेताच्या खर्चात हे काम जमतं ते त्यामुळेच.

ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की लगेच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. तो खरवडला तरी ऑक्सिजन मिळाला की पुन्हा येतो. उघडा पत्रा वर्षानुवर्षं पावसात राहून नुसता करडा पडतो तो या थरामुळे. पण ओल्या गालिच्याखाली, भिजलेल्या फोमला टेकून किंवा कुजक्या प्लायवूडच्या मागे ऑक्सिजन पोहोचत नाही. थर एकदा फुटला की भरून येत नाही. पांढरी भुकटी जमते आणि तिच्याखाली खड्डे पडत जातात. त्यामुळे जुन्या बोटीचा सर्वांत खराब पत्रा बहुधा आतल्या बाजूने खाल्लेला असतो, आणि बाहेरून तो भाग अगदी ठणठणीत दिसतो.

बोट घेण्याआधी तपासायचं ते हेच. एक टोच्या आणि एक विजेरी पुरते. तळाच्या आतल्या बाजूला, फासळ्यांच्या खाचांत, मागच्या कोपऱ्यांत पांढरी भुकटी दिसली की टोच्याने खरवडून पाहावं. खड्डा उथळ असेल तर चालेल. टोच्या आरपार गेला तर तिथे ठिगळ लागणार हे धरून चालावं. दोन-चार ठिगळांचं काम घरी होतं. तळाचा हातभर पट्टा चाळणीसारखा झाला असेल तर ती बोट सोडून द्यावी, फुकट मिळत असली तरी. मग खाली वाकून कण्याची रेघ पाहावी: सरळ आहे, की मध्ये पोक आलंय? पोचे दिसायला वाईट, पण निरुपद्रवी असतात. फासळीच्या टोकाशी किंवा सीटच्या कोपऱ्याशी आलेली केसासारखी चीर मात्र गंभीर असते, कारण तिथे पत्रा वाकून-वाकून थकलेला असतो. आणि जिथे डांबर, सिलिकॉन, धातूच्या लांबीचे थर दिसतील तिथे आधीच्या मालकाने काय झाकलंय ते विचारावं. जुनी दुरुस्ती उपसून काढायला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ जातो.

ट्रान्समची, म्हणजे इंजिन ज्या मागच्या भिंतीला टांगतात तिची, परीक्षा सोपी आहे. इंजिन थोडं वर कलवावं, खालचा गिअरचा भाग हाताने धरून वर-खाली रेटावा आणि भिंतीकडे पाहावं. ती इंजिनाबरोबर श्वास घेत असेल तर आतलं लाकूड गेलं. शंका असेल तर आतल्या बाजूने खालच्या अंगाला ३ मिलिमीटरचं भोक पाडावं. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. काळपट, ओलसर चोथा आला तर लाकूड बदलायचं. खरं तर वीस-तीस वर्षांच्या बोटीत ते बदलायचं हे गृहीत धरूनच भाव करावा.

बोट घरी आली की सगळं सुटं करायचं, आणि सुटं करताना फोटो काढायचे. वायरी कुठून गेल्या, कोणता स्क्रू कुठला, सीटखालच्या पट्ट्या कोणत्या बाजूने वळल्या होत्या, हे दोन महिन्यांनी आठवत नाही. ॲल्युमिनियममध्ये बसलेले स्टेनलेसचे स्क्रू जाम झालेले असतात. जोर लावला की डोकं तुटतं. आधी गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवावं, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरावा. तरी नाही सुटला तर शेजारच्या पत्र्याला हॉट एअर गनने ऊब द्यावी, कारण ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि पकड ढिली होते. फोम किंवा पेट्रोलची टाकी जवळ असताना हा उद्योग नको.

एक गोष्ट मात्र काढायच्या आधी थांबून पाहावी. उघड्या छोट्या बोटींमध्ये आडव्या बाकांचं काम बसायला जागा देण्याइतकंच नसतं. दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवण्याचं काम ते करतात. मोकळी जागा हवी म्हणून मधला बाक कापून टाकला की बोट लाटेवर पिळवटायला लागते आणि दोन हंगामांत रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकून चपट्या केलेल्या मेखा, ढिले होतात. बाक काढायचाच असेल तर त्याच्या जागी तळापासून काठापर्यंत जाणाऱ्या मजबूत फासळ्या आणि त्यांना जोडणारी जमीन, म्हणजे पाय ठेवायची फळी, आधी आखून ठेवावी. नाही तर बाक राहू द्यावा. मला विचाराल तर राहू द्यावा.

बाकांखाली आणि जमिनीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम हा या सगळ्या प्रकरणातला छुपा खलनायक आहे. ओतीव पॉलियुरेथेन फोम नवा असताना पाणी घेत नाही. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून, हादरे खाऊन, गोठून-वितळून त्याच्या पेशी फुटतात. तपासणी सोपी आहे: तळाला टेकलेल्या भागातून १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा चौकोनी तुकडा कापावा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. तो बरोबर १ लिटरचा असतो. नेहमीच्या दर्जाचा कोरडा फोम ३० ते ३५ ग्रॅम भरतो. ४०० ग्रॅम भरला तर त्यातलं साडेतीनशे ग्रॅमहून जास्त पाणी आहे. असा १५० लिटर फोम असेल तर बोट पन्नासएक किलो पाणी कायमचं वागवत होती, आणि ते पाणी पत्र्याला चोवीस तास चिकटून होतं. वरचा फोम कोरडा असतो म्हणून फसू नये; खालचा तुकडा कापावा.

ओला फोम आपोआप सुकत नाही. उन्हात महिने काढले तरी आतला गाभा ओलाच राहतो. तो हाताच्या करवतीने, लांब सुरीने आणि रुंद पटाशीने उपटून काढावा लागतो. पत्र्याला चिकटलेला थर प्लास्टिकच्या खरवडणीने. पॉवर करवतीची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून मास्क हवाच. हे काम कंटाळवाणं आहे. त्याला पर्याय नाही.

नवा फोम भरताना दोन चुका नेहमी होतात. एक, बंद पेशींच्या एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनच्या फळ्यांऐवजी पॅकिंगच्या पांढऱ्या दाणेदार थर्मोकोलचे तुकडे भरणं. तो दाण्यांच्या फटींतून पाणी पितो. एक्सट्रूडेड फळी चांगली, फक्त पेट्रोल लागलं तर ती विरघळते. म्हणून इंधनाच्या टाकीजवळ ती ठेवू नये आणि पॉलिएस्टर रेझिनही तिच्यावर लावू नये. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन, चालतं. दुसरी चूक म्हणजे तळाला गच्च टेकवून फोम भरणं. खाली किमान दोन बोटं जागा सोडावी, फासळ्यांमधली पाणी वाहायची भोकं मोकळी ठेवावीत आणि मधोमध मागच्या बुचापर्यंत सलग वाट राखावी. आत आलेला प्रत्येक थेंब कुठेही न अडता बुचापाशी पोहोचला पाहिजे. पुढच्या सगळ्या कामाला हाच एक नियम लागू आहे.

किती फोम लागतो? ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, त्यामुळे १५० किलोचा सांगाडा पूर्ण बुडाला तरी पाण्यात त्याचं वजन साधारण ९५ किलो उरतं. इंजिन, बॅटरी, टाकी, नांगर यांचे आणखी ४०-५० धरावेत. १ लिटर फोम साधारण १ किलो उचलतो. म्हणजे नुसतं बुडू नये म्हणून १५० लिटर, आणि लोकांना धरून राहता यावं म्हणून त्याहून बराच जास्त. तो कुठे बसवला यालाही महत्त्व आहे. सगळा फोम तळाशी असेल तर पाण्याने भरलेली बोट पालथी होते. म्हणून काही भाग दोन्ही बाजूंना, काठाच्या जवळ, उंचावर हवा. सगळं हिशेबात बसत नसेल तर निदान मूळ जेवढा होता त्यापेक्षा कमी भरू नये.

आता सांगाडा मोकळा झाला. धुऊन, सुकवून पाण्याची परीक्षा घ्यायची, पण उलट्या दिशेने: पाणी बोटीच्या आत भरायचं आणि बाहेरून पाहायचं. ट्रेलरवर बोट नीट टेकलेली आहे ना ते आधी पाहावं, कारण चार मीटरच्या बोटीत तळाला वीतभरही नाही, फक्त १० सेंटिमीटर पाणी म्हणजे सहज तीनशे किलो वजन होतं. सांगाडा बाहेरून दाब सोसण्यासाठी बनलेला असतो, आतून नव्हे. म्हणून काठोकाठ भरण्याचा मोह नको. ट्रेलर आधी पुढे, मग मागे कलवून त्याच पाण्याने दोन्ही टोकं तपासता येतात. बाहेरचा तळ पुसून कोरडा करावा, त्यावर खडूची पूड हलकेच चोळावी; ओघळाचं टोक स्पष्ट दिसतं. प्रत्येक गळक्या रिव्हेटभोवती मार्करने गोल करावा: ठिबकणाऱ्याला एक, वाहणाऱ्याला दोन. पेन्सिल नको, शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमला खातं. थेंब जिथे लोंबतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी शिवणीतून सरकत येतं, म्हणून ओघळाचा वरचा उगम शोधावा.

गळका रिव्हेट लगेच काढून टाकू नये. आधी तो पुन्हा बसवून पाहावा. एक जण बाहेरून डोक्यावर एअर हॅमरचा रिव्हेट सेट लावतो, दुसरा आतून जड पोलादी ठोकळा घट्ट टेकवून धरतो. दोन-तीन सेकंदांचा ठोका पुरतो. ढिले झालेले बरेच रिव्हेट एवढ्यानेच पुन्हा धरतात. हे तंत्र विमानांकडून आलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ग्रमन या विमान बनवणाऱ्या कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, बनवायला घेतल्या, तेव्हा हत्यारं आणि हात तेच होते, फक्त पंखांच्या जागी तळ आला.

जो रिव्हेट ठोकूनही गळतो, किंवा ज्याचं डोकं झिजलं आहे, तो बदलायचा. डोक्याच्या मधोमध पंच मारून रिव्हेटच्याच जाडीच्या ड्रिलने फक्त डोक्याच्या उंचीइतकं भोक पाडावं, डोकं छिन्नीने उडवावं आणि दांडा आतल्या बाजूला पंचने ठोकून काढावा, मागे आधार देऊन. आरपार ड्रिल केलं की भोक वाकडं-मोठं होतं आणि नवा रिव्हेटही गळतो. बहुतेक छोट्या बोटींत ४.८ मिलिमीटरचा भरीव रिव्हेट असतो, त्याला ४.९ चं भोक. लांबीचं गणित पाठ असावं: जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिव्हेटच्या व्यासाची दीडपट. ३.२ मिलिमीटर जाडीला ३.२ अधिक ७.२, म्हणजे साडेदहाच्या आसपास. ठोकून झाल्यावर आतलं चपटं डोकं व्यासाने ७ मिलिमीटरच्या थोडं पुढे आणि उंचीने अडीचच्या आसपास यायला हवं. लांबी जास्त झाली की दांडा आतच वाकतो. कमी झाली की डोकं पापडासारखं पातळ होऊन तडकतं. बसवण्याआधी दांड्याला पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट लावावं.

जिथे आतून हात पोहोचत नाही तिथे एकाच बाजूने बसणारे पॉप रिव्हेट लागतात, पण ते बंद तोंडाचेच हवेत. नेहमीच्या पॉप रिव्हेटच्या मधून पाणी येतं, आणि त्यातला पोलादी खिळा आत राहून गंजतो. पॅकेटवर खिळाही ॲल्युमिनियमचा आहे का ते वाचून घ्यावं.

चिरेचा उपाय वेगळा आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं पाडायची, म्हणजे ताण एका बिंदूत न साठता पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. टोक नेमकं कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं त्याच्या जरा पुढेच असतं, म्हणून भोकही जरा पुढे. मग त्याच जातीच्या पत्र्याचं, ५०५२ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं, चिरेच्या चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटर पसरणारं ठिगळ कापावं. कोपरे गोल करावेत, मागे सीलंटचा पूर्ण थर द्यावा आणि दोन रांगांत, साधारण २ सेंटिमीटरच्या अंतराने रिव्हेट मारावेत. रिव्हेटचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १ सेंटिमीटर तरी आत असावं.

‘वेल्डिंग करून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. नव्या, जाड पत्र्याला तो योग्य आहे. जुन्या दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याला तो बहुधा महागात पडतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांच्याही पुढे. खड्ड्यांत बसलेला ऑक्साइड, जुना रंग, सीलंट हे सगळं वितळत्या धातूत मिसळून सांधा सच्छिद्र होतो. शिवाय पत्र्याची ताकद तो थंड लाटताना आलेली असते. वेल्डच्या शेजारची पट्टी तापून मऊ पडते आणि पुढची चीर तिथूनच निघते. रिव्हेटच्या बोटीला रिव्हेटच बरे.

सगळे रिव्हेट झाल्यावर शिवणींवर आणि रिव्हेटच्या डोक्यांवर आतून लवचीक इपॉक्सी सीलर फिरवावा. पत्रा आधी थोडा ऊन्हाने किंवा गनने कोमट केला की सीलर फटींत ओढला जातो. सीलर हा शेवटचा हात आहे. ढिल्या रिव्हेटवर नुसता सीलर ओतला तर तो एक हंगाम टिकतो, कारण रिव्हेट हलतच असतो. आणि सिलिकॉनला या कामात कुठेच जागा नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, आणि एकदा ते लागलं की त्या जागी पुढे ना सीलंट धरतं ना रंग.

आता ट्रान्समचं लाकूड. सगळ्यांत जास्त काळजी इथे घ्यावी आणि पैसेही इथेच घालावेत. जुना तुकडा कितीही कुजला असला तरी शक्य तितका अखंड काढावा, कारण तोच साचा. जाडी कुजून फुगलेल्या जागी मोजू नये. ज्या खाचेत लाकूड बसतं ती खाच मोजावी. साधारण ३८ मिलिमीटर निघते, म्हणजे १८-१९ मिलिमीटरच्या दोन प्लाय एकमेकांना चिकटवायच्या. मरीन प्लाय सर्वोत्तम. बजेट नसेल तर उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाची, आत पोकळ्या नसलेली बाहेरच्या वापराची प्लाय इपॉक्सीत नीट बंद केली तर वर्षानुवर्षं काम देते. कापलेल्या कडेला पोकळ्या दिसल्या तर ती प्लाय परत करावी. एक लाकूड मात्र कधीही नको: कुजू नये म्हणून तांब्याच्या क्षारात मुरवलेलं, हिरवट झाक असलेलं. ते स्वतः कुजत नाही, पण ओलं झालं की त्यातलं तांबं पत्र्यावर उतरतं आणि काही वर्षांत ट्रान्समचा पत्राच खाऊन टाकतं. ‘टिकाऊ लाकूड घातलं’ या समाधानात किती तरी बोटी अशा गेल्या आहेत.

इपॉक्सी किती? सव्वा मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच तुकड्याला दोन प्लाय चिकटवणं आणि तीन हात मिळून सव्वा किलोच्या आसपास पुरतं. एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नये. डब्यात खोल साठलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने उकळून दगड होतं. मिसळलं की पसरट ट्रेमध्ये ओतावं. पहिला हात पातळ, लाकडात मुरू द्यायचा, आणि तो दुपार उतरल्यावर द्यायचा. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा बाहेर पडते आणि ताज्या थरात शेकडो बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड निवतं आणि तीच हवा आक्रसताना इपॉक्सी आत ओढून घेते. कडांना दुप्पट थर, कारण पाणी प्लायच्या कडेतून शिरतं. पुढचा हात देण्याआधी मागचा पूर्ण वाळला असेल तर वरचा मेणचट थर आधी साध्या पाण्याने घासून धुवावा, मगच पॉलिश पेपर. पेपर आधी मारला तर तो मेण लाकडावर पसरतो आणि पुढचा हात सुटतो.

भोकांचं कामही असंच सावकाश करायचं. साडेबारा मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १९-२० चं भोक पाडावं, ते सिलिका मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावं, आणि दोन दिवसांनी त्याच्या मधोमध १३ चं भोक पाडावं. आता बोल्टभोवती सगळीकडे इपॉक्सीची नळी आहे. पुढे कधी सीलंट सुटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. जुनं लाकूड कुजलं ते बहुधा अशाच उघड्या बोल्टभोकांतून. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे, डोक्याखाली मोठा वॉशर, ॲल्युमिनियमला लागणाऱ्या जागी नायलॉनचा वॉशर किंवा गंजरोधक पेस्ट. पाण्याच्या रेषेखालचं पितळी बूच आणि त्याची पितळी नळी असेल तर याच वेळी काढून प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची बसवावी. पितळ आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की नेहमी ॲल्युमिनियमच हरतं. तळात पडून राहिलेलं एक तांब्याचं नाणंसुद्धा पत्र्याला आरपार भोक पाडू शकतं, मग वायरीचे तुकडे तर विचारूच नका.

ट्रान्सम बंद करण्याआधी इंजिनाची उंची जुळवून पाहावी. छोट्या शाफ्टच्या इंजिनाला ट्रान्सम साधारण ३८ सेंटिमीटर लागतो, लांब शाफ्टला ५१. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा तिच्या बोटभर खाली यावी. इंजिन फार वर बसलं तर वळणावर पंखा हवा ओढतो. फार खाली बसलं तर फवारा उडतो आणि वेग मरतो.

जमीन हवीच का, हा प्रश्न आधी विचारावा. १२ मिलिमीटर प्लायचं वजन चौरस मीटरला सात-आठ किलो. चार चौरस मीटर म्हणजे तीस किलो, आणि तेही तळाच्या वर. त्यापेक्षा २ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा चौरस मीटरला पाचेक किलोत बसतो आणि कुजत नाही, फक्त त्याला फासळ्यांचा आधार दाट लागतो. प्लायच घेतली तर सहा बाजूंनी इपॉक्सी आणि कडेला निचऱ्याची फट. गालिचा नको. तो कितीही ‘मरीन’ म्हणून विकला तरी स्पंजच आहे, आणि तो जिथे पत्र्याला टेकतो तिथे वर सांगितलेली पांढरी भुकटी जमते. घसरू नये म्हणून रंगात बारीक वाळू पुरेशी आहे.

रंगाबद्दल मत स्पष्ट आहे: पैसे कमी असतील तर रंगवू नका. ट्रेलरवरून नेऊन गोड्या पाण्यात उतरवायच्या बोटीच्या तळाला रंगाची गरजच नसते. रंगवायचंच असेल तर जुना रंग प्लास्टिकच्या खरवडणीने आणि नायलॉनच्या घासणीने काढावा. पोलादी ब्रश किंवा लोखंडी किस वापरला की पोलादाचे कण पत्र्यात रुततात आणि नव्या रंगाखाली तांबूस ठिपके फुलतात. खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये. पृष्ठभाग स्वच्छ आहे का हे पाण्याने कळतं: पाणी सलग पसरलं तर तयार, थेंब-थेंब झालं तर अजून तेलकट. मग त्याच दिवशी, काही तासांत, एच प्रायमर (पत्र्याला आम्लाने किंचित खाऊन धरणारा) किंवा ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर. दोन्ही एकावर एक देताना एकाच कंपनीची जोडी घ्यावी, कारण काही एच प्रायमरवर इपॉक्सी चढवला की खालचा थर उचलला जातो. शेवाळ-शिंपले रोखणारा तळरंग घेताना डब्यावर तांबं नाही याची खात्री करावी. साधा तळरंग तांब्याचाच असतो, आणि तो ॲल्युमिनियमवर लावणं म्हणजे सगळ्या तळाला तेच तांब्याचं नाणं फासणं.

विजेचं काम छोटं, पण एक नियम मोडायचा नाही: मोटारीत करतात तसा सांगाड्याचा परतीच्या वायरीसारखा वापर करू नये. प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी. सांगाड्यातून वाहणारी चुकार वीज पत्रा आठवड्यांत खाते. कल्हई केलेली तांब्याची वायर, दाबून बसवलेली टोकं, वर गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्यूज. वायरची जाडी अंदाजाने ठरवू नये. ५ ॲम्पिअरचा पंप ४ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.२८ व्होल्ट पडतात, १२ व्होल्टच्या सव्वादोन टक्के. चालेल. हीच वायर १ चौरस मिलिमीटरची असेल तर ०.७ व्होल्ट जातात आणि पंप ऐन गरजेच्या वेळी सुस्तावतो.

इंजिन जुनं टू-स्ट्रोक असेल तर त्याला आधी तीन गोष्टी विचाराव्यात: कॉम्प्रेशन, ठिणगी, गिअरचं तेल. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आत काही तरी बिघडलं आहे. गिअरचं तेल ताकासारखं पांढरं निघालं तर सील गेलं. बहुधा पंख्याच्या शाफ्टवर मासेमारीचा दोरा गुंडाळलेला सापडतो. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवत भरावं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर मात्र काहीही न विचारता बदलावा. त्याच्या पात्या वाकून तशाच कडक झालेल्या असतात. पाण्याशिवाय काही सेकंद इंजिन चालवलं तरी नवासुद्धा जळतो. इंधनाच्या नळ्या आणि दाबायचा फुगा नवा घ्यावा, कार्ब्युरेटर उघडून धुवावा. मिश्रण ५०:१ सांगितलं असेल तर ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर तेल. आणि बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर तिच्यावरच्या अश्वशक्तीच्या वर जाऊ नये. ट्रान्सम कितीही मजबूत केला तरी बाकीचा सांगाडा तेवढाच आहे.

झिजायला लावायचे ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, पाण्याप्रमाणे निवडावेत: गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, खाऱ्यात जस्त किंवा ॲल्युमिनियमचा. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरा थर धरतो आणि तो काम करायचं थांबवतो. ॲनोडला रंग लावणारे लोकही असतात. लावू नये.

पहिल्यांदा पाण्यात उतरवताना बोट बांधूनच ठेवावी. अर्ध्या तासाने तळाची जमीन उघडी असतानाच आत पाहावं, म्हणून जमीन त्याआधी कायमची बसवू नये. मग इंजिन लावून, सावकाश फिरवून आणून पुन्हा पाहावं. काही रिव्हेट स्थिर पाण्यात गप्प असतात आणि लाटेच्या हादऱ्याने बोलायला लागतात. ट्रान्समचे बोल्ट तासाभराच्या चालवण्यानंतर पुन्हा आवळावेत.

आणि ट्रेलर विसरला जातो. बोट तिचं बहुतेक आयुष्य त्याच्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर काढते. त्या पट्ट्या बहुधा तांब्याच्या क्षारात मुरवलेल्या लाकडाच्या असतात आणि त्यांच्यावर गालिचा ताणून बसवलेला असतो: ओला स्पंज, तांबं आणि वरून बोटीचं सगळं वजन. नव्या तळावर पहिले खड्डे तिथेच पडतात. साध्या लाकडाच्या पट्ट्या करून त्यांच्यावर प्लास्टिकच्या सरकत्या पट्ट्या बसवाव्यात. त्यांचे स्क्रू पृष्ठभागाच्या खाली बुडवावेत, आणि ट्रेलर उभा करताना पुढचं टोक जरा उंच ठेवून बूच काढून ठेवावं.